गाभण शेळी आटवायची कधी आणि कशी?

दुधासाठी शेळ्या पाळणाऱ्यांकडून एक प्रश्न सतत येतो. शेळी गाभण आहे, तिसरा महिना संपत आला आहे, पण दोन्ही वेळचे मिळून अर्धा-पाऊण लिटर दूध अजून देतेच आहे. मग धार चालू ठेवावी की तोडावी? त्याला जोडूनच दुसरा प्रश्न असतो: तोडायची म्हणजे नेमके काय करायचे? एक वेळची धार बंद करायची, पाणी कमी करायचे, की कासेला काही चोळायचे? सल्ले भरपूर मिळतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत, कारण बहुतेक जण गाय-म्हशीचा अनुभव शेळीला लावतात. या लेखाचे म्हणणे असे आहे की आटवण्याचा दिवस दुधाच्या मापावरून ठरवू नका. विण्याच्या तारखेपासून मागे मोजून तो ठरवा. आणि तो दिवस आला की धार थांबवून शेळी आटवा, तिला उपाशी-तहानलेली ठेवून नाही.

हा प्रश्न सगळ्यांना पडत नाही. उस्मानाबादी किंवा बेरारी शेळी बहुधा करडांपुरते दूध देते आणि गाभण राहिल्यावर आपोआप आटते; तिथे तुम्हाला फार काही करावे लागत नाही. प्रश्न येतो तो संगमनेरी, सुरती, जमनापारी, बीटल आणि सानेनच्या संकरित शेळ्यांचा. चांगल्या खुराकावर त्यांची कास गाभणपणातही चालू राहते, आणि जितकी शेळी दुधाळ तितका हा निर्णय तुमच्या हातून लांबण्याची शक्यता जास्त.

आधी गाभण असल्याची खात्री करा

शेळी माजावर आली नाही म्हणजे गाभणच, असे धरून दूध तोडणे ही महागात पडणारी चूक आहे. शेळीचा माज साधारण २१ दिवसांनी परततो. तो परतला नाही याची कारणे गाभणपणाखेरीज आणखीही असू शकतात. त्यातले एक म्हणजे खोटी गाभण. यात गर्भाशयात पाणी साठते, पोट वाढते, माज येत नाही आणि शेवटी करडू न निघता नुसते पाणी वाहून जाते. दुधाळ शेळ्यांत हे अगदीच दुर्मीळ नाही, आणि वेळीच कळले तर पशुवैद्यक इंजेक्शनने ते मोकळे करू शकतात. गायीसारखी हात घालून तपासणी शेळीत करता येत नाही, म्हणून भरवल्यापासून दीड महिना झाल्यावर पोटावरून सोनोग्राफी करून घेणे हाच भरवशाचा मार्ग. सोय असेल तिथे करडे एक की जास्त हेही विचारून ठेवा. शेवटच्या दोन महिन्यांचा खुराक बऱ्याच अंशी त्या उत्तरावर अवलंबून आहे.

तारीख मागून मोजा

शेळी साधारण १५० दिवसांत विते. पाच दिवस मागे-पुढे होतात. विण्याआधी ६० दिवस कास रिकामी राहावी हे उद्दिष्ट ठेवा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या खाली जाऊ नका. म्हणजे भरवल्यापासून नव्वदावा दिवस हा आटवण्याचा दिवस आणि एकशे पाचवा दिवस ही शेवटची मुदत. १५ ऑगस्टला भरवलेली शेळी १२ जानेवारीच्या आसपास विणार. तिची धार १३ नोव्हेंबरला थांबवायची आणि फार तर २८ नोव्हेंबरपर्यंत ओढायची. हे गणित जमण्यासाठी भरवल्याची तारीख लिहिलेली हवी. बोकड कळपातच मोकळा असेल तर ही तारीख कधीच मिळत नाही, आणि मग सगळा निर्णय अंदाजावर येतो. गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहा, वहीत लिहा, मोबाईलमध्ये नोंदवा, पण लिहा. गाभण शेळी विकत घेणार असाल तर पाटीला किंवा शेळीला कधी भरवले हे विकणाऱ्याला विचारणे हा तुमचा हक्क आहे. तारीख सांगता येत नसेल तर सोनोग्राफी करूनच भाव ठरवा.

हे दोन महिने कशासाठी सोडायचे?

इथे पुरावा नीट पाहिला पाहिजे, कारण याबाबत पुष्कळ गोष्टी सरसकट सांगितल्या जातात. गायींमध्ये भाकड काळ दिलाच नाही तर पुढच्या वेताचे दूध पाचव्या हिश्शाने किंवा त्याहून जास्त घटते, हे अनेक प्रयोगांतून पक्के झाले आहे. शेळ्यांमध्ये चित्र इतके सरळ नाही. काही प्रयोगांत घट स्पष्ट दिसली, काहींत फारशी दिसली नाही. म्हणून केवळ पुढच्या दुधाच्या लोभाने आटवा असे सांगणे अर्धवट ठरेल. शेळीच्या बाबतीत सगळ्यात भक्कम कारण चिकाचे आहे. करडाला आईच्या पोटात असताना रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत, कारण शेळीची वार ती पलीकडे जाऊ देत नाही. जन्मताना करडाची पाटी कोरी असते. ही द्रव्ये विण्याआधीच्या शेवटच्या काही आठवड्यांत शेळीच्या रक्तातून कासेत उतरतात आणि चिकात साठतात. त्या काळात तुम्ही रोज धार काढत असाल तर साठा होण्याऐवजी तो पातळ होत राहतो आणि दुधाबरोबर निघून जातो. मग शेळी विते, कास भरलेली दिसते, करडू पोटभर पिते, आणि तरीही तिसऱ्या-चौथ्या दिवशी हगवण किंवा न्यूमोनियाने आडवे पडते. दोष हवेला किंवा पाण्याला दिला जातो. मूळ दोन महिने मागे असते.

दुसरे कारण शेळीच्या शरीराचे. करडाच्या जन्मवजनापैकी सुमारे दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश वाढ शेवटच्या सहा ते आठ आठवड्यांत होते. पोटात दोन-तीन करडे असतील तर ती वाढून कोठीपोटाची जागा दाबतात, त्यामुळे गरज सर्वात जास्त असते तेव्हाच शेळीला खाणे कमी जाते. अशा वेळी कासही चालू ठेवली तर ती स्वतःची चरबी आणि हाडांतले कॅल्शियम खर्चते. तिसरे कारण कासेचे: दूध तयार करणाऱ्या पेशी जुन्या जाऊन नव्या येण्यासाठी कासेला न पिळलेला काळ लागतो, आणि जुना दबलेला कासदाह बरा होण्याची संधीही याच काळात असते.

“पण दूध चालू आहे, ते का सोडायचे?”

हा आक्षेप रास्त आहे. रोजच्या दुधावर घरखर्च चालतो आणि दोन महिन्यांचे दूध डोळ्यांदेखत सोडणे जड जाते. तर हिशेबच करू. नव्वदाव्या दिवशी अर्धा लिटर देणारी शेळी पुढचे ६० दिवस तेवढेच देईल असे धरले तरी ते ३० लिटर होते. प्रत्यक्षात गाभणपणाच्या तिसऱ्या महिन्यापासून दूध उतरत जाते, त्यामुळे हाती २० लिटरच्या आसपासच येईल. पुढच्या वेतात ती १५० दिवस सरासरी सव्वा लिटर देणार असेल तर ते १८७ लिटर. त्यात दहावा हिस्सा घट आली तरी मिळवलेले जवळपास सगळे गेले, आणि करडू दगावण्याचा धोका या हिशेबात अजून धरलेलाच नाही. त्या वीस लिटरसाठी घातलेला खुराकही वजा करा. शेळीपालनात करडू हेच मुख्य उत्पन्न असते. दोनापैकी एक करडू गेले तर दोन महिन्यांच्या दुधाने ते भरून येत नाही.

दुसरा आक्षेप असा की शेजारच्याची शेळी विण्याच्या आठवड्यापर्यंत दूध देते आणि तिला काही होत नाही. होत नाही असे दिसते, हे खरे. पण तिच्या करडांची पहिल्या महिन्यातली मर आणि तीन महिन्यांचे वजन लिहून ठेवलेले आहे का, हे विचारा. एका शेळीवरून नियम ठरत नाही. दहा शेळ्यांच्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवल्या की फरक कळू लागतो.

तिसरा आक्षेप खरोखर विचारात घेण्याजोगा आहे: फार दुधाळ शेळीला दरवर्षी भरवायलाच हवे का? नाही. सानेन रक्ताची, नव्वदाव्या दिवशीही दोन लिटर देणारी शेळी असेल तर पुढच्या वेळी तिला उशिरा भरवण्याचा पर्याय आहे. अशा शेळ्या न भरवता दीड-दोन वर्षेही दूध देऊ शकतात. दूध हवे तर भरवणे लांबवा. भरवले असेल तर आटवा. दोन्ही एकदम साधण्याची किंमत करडे मोजतात.

आटवण्याची रीत

दूध थांबते ते कासेत साठलेल्या दुधाच्या दाबाने. कास भरली आणि रिकामी झाली नाही की पेशींना दूध बनवणे थांबवण्याचा इशारा जातो. हे कळले की पुढची प्रत्येक पायरी आपोआप सुचते, आणि “थोडे थोडे काढून हलके करा” हा सल्ला का फसतो तेही कळते. थोडे काढले की दाब उतरतो, कास पुन्हा कामाला लागते, आणि सडाचे तोंड दरवेळी उघडे पडून जंतूंना वाट मिळते.

१. आटवण्याच्या आठ-दहा दिवस आधी खुराक टप्प्याटप्प्याने बंद करा. लसूणघास, शेवरी, सुबाभूळ यांसारखा दूध वाढवणारा पाला कमी करून ज्वारीचा कडबा किंवा वाळलेले गवत यांवर भर द्या.
२. दूध लिटरभराच्या वर असेल तर याच दिवसांत दोन वेळची धार एक वेळेवर आणा. अर्धा लिटर किंवा कमी असेल तर याची गरज नाही, थेट थांबवा.
३. शेवटच्या धारेला प्रत्येक सडाचे पहिले दोन-तीन शिंतोडे काळ्या फडक्यावर किंवा ताटलीत घ्या. गाठी, पाण्यासारखे दूध किंवा रक्ताची छटा दिसली तर आटवणे थांबवून आधी उपचार करा.
४. सगळे ठीक असेल तर कास पूर्ण मोकळी करा. सड पुसून आयोडीनच्या सडद्रावणात बुडवा आणि शेळीला अर्धा तास बसू देऊ नका.
५. त्यानंतर सडाला हात लावू नका. मोठी करडे चोरून पीत असतील तर वेगळी बांधा किंवा कासेला स्वच्छ कापडी पिशवी घाला. धारेच्या वेळी तिला दुसऱ्या शेळ्यांपासून दूर ठेवा. भांड्यांच्या आवाजानेही पान्हा सुटतो.

पाचवी पायरी सर्वात जास्त चुकते. कास आटली का ते पाहायला रोज एक-दोन शिंतोडे काढून बघणे हा सर्वत्र दिसणारा प्रकार. धार थांबल्यावर सडाच्या नळीत एक मेणचट बूच तयार होते आणि तेच कासेचे दार बंद ठेवते. तुमचा एक शिंतोडा ते बूच काढून टाकतो.

कास तटतटली तर घाबरू नका, पण बघत राहा

पहिले दोन ते चार दिवस कास ताठ, चकचकीत दिसेल. तळहात ठेवला तर कोमट लागेल, दोन्ही बाजू सारख्या भरलेल्या असतील आणि शेळी खात असेल, रवंथ करत असेल, तर हा अपेक्षित दाब आहे. सहाव्या-सातव्या दिवसापासून वरच्या बाजूला कातडी सैल पडू लागते. दोन आठवड्यांत कास मऊ, सुरकुतलेल्या पिशवीसारखी लोंबते. एकच बाजू जास्त सुजली, हात लावताच शेळी पाय झटकते, कातडी तापलेली आणि लाल आहे, मागचा पाय फाकवून चालते, खात नाही, अशी लक्षणे दिसली तर तो कासदाह आहे, ज्याला आपण दगडी म्हणतो. तेव्हा आटवण्याचा हट्ट सोडा, ती बाजू पूर्ण पिळून काढा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवा. कास निळसर-काळी आणि थंड पडली तर तासांचा प्रश्न असतो. सकाळपर्यंत थांबू नका. लक्षण काहीच नाही पण दाबाने शेळी खरोखर बेचैन असेल, तर एकदाच कास पूर्ण रिकामी करा, सड बुडवा आणि दिवस पुन्हा एकपासून मोजा.

पाणी तोडू नका

शेळी लवकर आटावी म्हणून दोन दिवस पाणी बंद ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती सोडा. तहानलेली शेळी खाणे टाकते, आणि गाभण शेळीचे खाणे तुटणे हाच त्या काळातला सगळ्यात मोठा धोका आहे. मार्च ते मेच्या उन्हात तर हे जिवावर बेतते. चारा कमी करायचा तो दूध वाढवणारा. वाळला चारा आणि स्वच्छ पाणी कायम समोर हवे. नव्वदावा दिवस निवडण्याचे हेही एक कारण आहे: त्या टप्प्यावर गर्भाची मोठी वाढ सुरू व्हायची असते, त्यामुळे आठ-दहा दिवसांची खुराक-कपात शेळी सहन करते. तीच कपात एकशे तिसाव्या दिवशी केली तर ती आजारी पडेल.

औषधे आणि तुमचे हक्क

आटवताना सडात प्रतिजैविकाची नळी सोडायला सांगितले जाते. ज्या शेळीला या वेतात दगडी झाली होती किंवा जिचे दूध तपासणीत खराब आले, तिच्यासाठी ती उपयोगी आहे. सरसकट सगळ्यांना नको. या नळ्या बहुधा गायीसाठी बनवलेल्या असतात. एक नळी दोन सडांत वाटू नका; टोक एका सडातून दुसऱ्यात जाते तेव्हा जंतूही जातात. सडाचे तोंड स्पिरिटने पुसा आणि टोक जेमतेम काही मिलिमीटरच आत घाला. वेष्टनावर लिहिलेली दूध न वापरण्याची मुदत गायीची असते. शेळीसाठी ती किती हे पशुवैद्यकांकडून लिहून घ्या, आणि तोपर्यंतचे दूध ना विका ना घरात वापरा.

प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकण्याची औषधे नाहीत. चिठ्ठी, औषधाचे नाव, मात्रा आणि पक्के बिल मागणे हा तुमचा हक्क आहे. पुढे काही बिघडले तर दाद मागायला तेवढाच कागद हाती असतो. सूज आणि वेदनेसाठी डायक्लोफेनॅक जनावरांना देण्यावर २००६ पासून, तर केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकवर २०२३ पासून बंदी आहे, कारण ही औषधे दिलेले मेलेले जनावर खाऊन गिधाडे मरतात. मेलॉक्सिकॅम हा पर्याय उपलब्ध आहे, तोच मागा. दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकाची चौकशी करा.

आटल्यानंतरचे दिवस

आटली म्हणून शेळीकडे दुर्लक्ष होते, आणि इथेच चांगले काम वाया जाते. कास मऊ पडली की खुराक पुन्हा सुरू करा: सुरुवातीला मूठभर, मग शेवटच्या महिन्यात शेळीचा आकार आणि पोटातली करडे पाहून दिवसाला पाव ते अर्धा किलोपर्यंत, दोन-तीन वेळांत विभागून. लठ्ठ शेळीला जास्त देऊ नका. शेवटच्या महिन्यात फार रोड आणि फार लठ्ठ, दोन्ही शेळ्यांना गाभणपणातला किटोसिस गाठतो. शेळी कळपाच्या मागे राहते, खुराक सोडून नुसता कडबा चघळते, दात खाते, पाय सुजतात, तोंडाला गोडसर वास येतो. ही लक्षणे दिसली की उद्यावर टाकू नका. आडवी पडलेली शेळी परत उभी करणे फार अवघड असते.

विण्याआधी तीन-चार आठवडे आंत्रविषाराची लस टोचून घ्या. वरच्या उदाहरणातल्या शेळीसाठी हे दिवस १५ ते २२ डिसेंबरच्या दरम्यान येतात. या लशीने तयार होणारी प्रतिकारशक्ती चिकातूनच करडाला मिळते, त्यामुळे न आटवलेल्या शेळीत लशीचाही निम्मा उपयोग फुकट जातो. विण्याच्या सुमारास पोटातले जंत उसळी घेतात. जंताचे औषध पशुवैद्यकांना गाभणपणाचा महिना सांगून, वजनावरून घ्या.

मुदत टळून गेली असेल तर

विण्याला महिना उरला आहे आणि धार चालू आहे, असे अनेकांचे होते. तरीही आजच थांबवा; तीस दिवसही काहीच नसण्यापेक्षा बरे. फरक इतकाच की आता खुराक तोडून आटवायचे नाही. खाणे चालू ठेवा, फक्त धार बंद करा, कास थोडी जास्त तटतटेल ती सोसू द्या. तीन आठवड्यांहून कमी दिवस राहिले आणि दूध पिवळसर, दाट होऊ लागले असेल तर तो चीक आहे. त्याला हात लावू नका. विण्याआधी कास कितीही भरली तरी चीक पिळून हलकी करू नका.

आणि शेळी धार चालू असतानाच व्याली, तर तिच्या चिकावर विसंबू नका. तुमच्याच कळपातल्या, नीट आटवलेल्या आणि निरोगी शेळीचा पहिल्या दिवसाचा जादा चीक छोट्या बाटल्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवता येतो. तो कोमट पाण्यात बाटली बुडवून वितळवा. उकळला तर त्यातली उपयोगी द्रव्ये नष्ट होतात. बाहेरच्या कळपाचा चीक आणू नका, त्यातून रोगही येतात. दोन किलोच्या करडाला पहिल्या २४ तासांत २०० मिलीच्या आसपास चीक पोटात जायला हवा, आणि पहिला घोट जन्मल्यापासून तासाभरात.